एसआयपी सुरू होते, पण टिकत नाही? या चुका टाळा

लातूर-परभणीकडे एसआयपीची, म्हणजे म्युच्युअल फंडात ठरलेल्या तारखेला ठरावीक रक्कम टाकत राहण्याची, चर्चा आता मोंढ्यात सौदा चालू असतानाही ऐकू येते. सुरू करणारे पुष्कळ आहेत. पण दोन-तीन वर्षांनी स्टेटमेंट काढलं की हप्ते मधेच तुटलेले दिसतात. नावं बाजाराला ठेवली जातात, खरा घोळ बहुतेकदा तारखेचा असतो.

फॉर्म भरताना कोणीतरी ५ तारीख टाकून देतं आणि त्या महिन्यात पगार लांबतो. खात्यात पैसे नसले की बँक हप्ता परत पाठवते आणि दंड लावते, वर जीएसटी. हजार-हजाराच्या पाच एसआयपी एकाच तारखेला असतील तर दंडही पाचदा. हा दंड फंड कंपनीचा नसतो, बँकेचा असतो. मात्र मासिक एसआयपीचे सलग ३ हप्ते चुकले की कंपनी ती बंद करते. पगार एरवी ज्या तारखेला पडतो, त्याच्या पुढे आठवडाभर मोकळा सोडून हप्ता ठेवा. ओढाताणीचा महिना आधीच दिसत असेल तर एसआयपी थांबवून ठेवायची सोय बहुतेक फंडांत आहे, तिचा अर्ज काही दिवस आधी करावा लागतो.

शेतकऱ्याचं गणित तर वेगळंच. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची पट्टी हातात येते, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा, आणि जूनमध्ये बी-खतापायी खातं रिकामं. अशा माणसाला दरमहा बँकेतून पैसे कापणारी एसआयपी कोणी गळ्यात मारत असेल, तर त्याला शेती कळत नाही असं खुशाल समजा. पट्टी आली की बाजूला ठेवायची रक्कम लिक्विड फंडात (थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या, कमी चढउताराच्या फंडात) एकदम टाका आणि तिथून त्याच कंपनीच्या इक्विटी फंडात, म्हणजे शेअर घेणाऱ्या फंडात, दरमहा ठरावीक रक्कम वळती करा. याला एसटीपी म्हणतात. हप्ता बँकेतून जातच नाही, त्यामुळे परत येण्याचा आणि दंडाचा प्रश्न उरत नाही. लिक्विड फंडातल्या नफ्यावर कर लागतो, तेवढं लक्षात असू द्या. पेरणीचा पैसा मात्र यात घालू नका, तो बचत खात्यातच बरा.

बाजार पडला की हप्ता बंद करणं ही दुसरी मोठी चूक. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली होता, त्याच वर्षाच्या अखेरीस ४७ हजारांच्या वर. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, ५० असताना ५,००० रुपयांत १०० युनिट मिळतात, ४० झाली की १२५. स्वस्त मिळतंय नेमकं तेव्हाच लोक हात आखडतात!

लवकर मोडणाऱ्यांनी एवढा हिशोब पाहावा. दरमहा ५,००० रुपये आणि वर्षाला १२ टक्के परतावा धरला (धरला म्हणतोय, हमी कोणाचीच नाही), तर १५ वर्षांनी साधारण २५ लाख होतात आणि २० वर्षांनी जवळपास ५० लाख. म्हणजे निम्मी रक्कम शेवटच्या ५ वर्षांत तयार होते. लेकीचं लग्न किंवा ट्रॅक्टर चार वर्षांवर असेल तर त्यासाठी इक्विटी फंड नकोच, आरडी करा. आणि पाच-सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा असल्याशिवाय एसआयपीची रक्कम वाढवू नका, नाहीतर दवाखान्याचं बिल आलं की पहिला हात तिलाच लागतो.

‘१० रुपयांची एनएव्ही म्हणजे स्वस्त’ म्हणून नवा फंड घेणाऱ्यांची तर कमालच. ५० एनएव्हीचा फंड १० टक्के वाढला काय नि १० चा वाढला काय, तुमच्या हजाराचे अकराशेच होणार.

रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटाचं कमिशन दरवर्षी तुमच्याच पैशातून जातं, डायरेक्टमध्ये ते नसतं. पण पडत्या बाजारात फोन उचलून ‘बंद करू नका’ सांगणारा माणूस असेल तर ते कमिशन महाग नाही. नुसता फॉर्मपुरता येऊन गायब होणारा असेल, तर पुढचे हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करा. जुने युनिट हलवणं म्हणजे विक्रीच धरली जाते, त्यामुळे आधी एक्झिट लोड (लवकर पैसे काढले तर फंड कापून घेतो ती रक्कम) आणि कर किती बसतोय ते बघा.