अपडेट आलंय, टाकायचं की थांबायचं?

फोनच्या अपडेटचं नोटिफिकेशन आलं की बरेच जण 'नंतर' दाबून मोकळे होतात, पण आधी अपडेट कसलं आहे ते तरी बघा. नुसता सिक्युरिटी पॅच (सुरक्षेतली भोकं बुजवणारं छोटं अपडेट) असेल तर बिनधास्त टाका, दिसण्यात फारसं काही बदलत नाही. अख्खं नवं व्हर्जन असेल तर घाई नको, पहिला बगफिक्स, म्हणजे त्यातल्या चुका सुधारणारं अपडेट, येऊ द्या.

टाकायच्या आधी बॅकअप घ्या (व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा घ्यावा लागतो, हे हमखास विसरतात), थोडी जागा मोकळी करा आणि चार्जर जवळ ठेवा.

आता खरी बोंब पुढे असते. अपडेटनंतर बॅटरी धडाधड उतरते, फोन तापतो आणि लोक लगेच कंपनीला शिव्या घालायला लागतात, पण आत अ‍ॅप्स नव्याने ऑप्टिमाइझ होत असतात, फोटोंचं इंडेक्सिंग (शोधता यावेत म्हणून यादी बनवणं) चालू असतं, त्यामुळे रात्री चार्जिंगला लावून ठेवा, दोन-तीन दिवसांत बहुतेक वेळा निवळतं. नाहीच निवळलं तर सेटिंग्जमध्ये बॅटरीत जाऊन कुठलं अ‍ॅप खातंय ते बघा. जुन्या व्हर्जनवर परत जायचं मात्र डोक्यातून काढा, डेटा उडतो, काही फोनमध्ये तर जमतच नाही.

मित्राला आलं, मला का नाही? आयफोनला अ‍ॅपल थेट पाठवतं, अँड्रॉइडचं गूगल, चिपवाले, फोन कंपनी असं फिरत फिरत येतं. २०१७ मध्ये प्रोजेक्ट ट्रेबल (अँड्रॉइडचा गाभा चिपवाल्यांच्या भागापासून वेगळा करणारी रचना) आणून गूगलने हे काम थोडं सोपं केलं, तरी कंपन्या टप्प्याटप्प्यानेच सोडतात. म्हणून नवा फोन घेताना किती वर्षं अपडेट मिळणार ते आधी विचारा, गूगलच्या पिक्सेल ८ ला ७ वर्षांचं आश्वासन आहे.