माळ्यावरची बुरशी: पुसण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा

फ्लॅटमधला माळा म्हणजे बहुतेकदा बाथरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या छताखालचा सिमेंटचा कप्पा, पुढे प्लायची घट्ट दारं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर जाते. ती ७०च्या पुढे टिकून राहिली, तर बुरशी यायला गळतीसुद्धा लागत नाही. म्हणून गणपतीचं मखर काढायला दार उघडलं की कुबट वास येतो आणि सुटकेसवर पांढुरका थर दिसतो. लगेच फडकं घेऊ नका.

१. माळा रिकामा करा. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, खिडक्या उघडा, छताचा पंखा मात्र बंद ठेवा. नाहीतर बुरशीचे कण घरभर होतात. घरात कुणाला दमा असेल तर त्यांनी या कामापासून लांब राहावं.

२. ओल भिंतीतून येते की हवेतून, ते ठरवा. सगळी मेख इथेच आहे. भिंतीचा डाग पडलेला भाग कोरडा पुसून घ्या. त्यावर दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा लावा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येतेय. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर साचतेय. दोन्हीकडे थेंब असले तर दोन्ही दुरुस्त्या कराव्या लागतील.

३. भिंतीतून येत असेल तर. आधी स्वतःच्या घरातच शोधा. बाथरूमच्या माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर तिच्या तळाखाली हात घालून पाहा, बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता नळ) आणि पाइपचे जोड तपासा. मग वरच्या मजल्यावरचा नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतलं सांडपाण्याचं तोंड, आणि टाइल्सच्या फटी. भिंत बाहेरची असेल तर गिलाव्यातल्या भेगा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. सभासदाच्या बाथरूम-सिंकमधली ज्याची त्याने. सोसायटीला लेखी अर्ज द्या, सोबत फोटो जोडा, पोच घ्या. जिन्यातल्या तोंडी तक्रारी पुढच्या पावसापर्यंत टिकत नाहीत.

४. हवेतून येत असेल तर. वारा खेळता करा. प्लायच्या दाराला खाली आणि वर अशा दोन जाळ्या बसवा. एकाच जाळीने हवा फिरत नाही. त्याहून सोपं म्हणजे दारं काढून पडदा लावणं. दिसायला बरं नाही, पण काम होतं. बाथरूमचा एग्झॉस्ट आणि किचन चिमणीचा पाइप इमारतीबाहेर निघतोय ना, हेही पाहा. माळ्यातून नेलेल्या चिमणीच्या पाइपचा जोड सुटला की फोडणीची सगळी वाफ तिथेच कोंडते.

५. आता साफ करा. कोरडी बुरशी झाडू नका, खरवडू नका. साबणाच्या पाण्यात स्पंज भिजवून पुसा, पाणी बदलत राहा. टाइलवर ब्लीच चालतं. गिलाव्यात आणि प्लायमध्ये त्याने वरचा रंग उडतो, आतली बुरशी राहते. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा बाथरूम क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. फुगलेला प्लाय बदला. भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंग लावू नका, बुरशीरोधक रंगही नाही. ओलीवर लावलेल्या रंगाचे पोपडे पुन्हा निघणारच. शक्यतो ऑक्टोबरच्या उन्हानंतर रंगवा.

६. सामान परत लावताना भिंतीपासून तीन-चार बोटं अंतर ठेवा, खाली लाकडी पट्ट्या टाका. आतपर्यंत बुरशी गेलेली कापसाची गादी उन्हात घालून वाचत नाही, ती टाका. चामड्याच्या बॅगा आणि जुनी कागदपत्रं खालच्या कपाटात आणा. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीवर त्यांचा भरवसा नको. ओल शोषणारे डबे छोट्या बंद पेटीत उपयोगी पडतात, पण पाणी भरलं की ते बदलावे लागतात.

माळ्यात एक स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. पावसाळ्यात आकडा ७०च्या वर रेंगाळू लागला की दारं उघडून टेबलफॅनचा झोत तासभर आत सोडा. घरात एसी असेल तर तो चालू असताना माळ्याची दारं उघडी ठेवा.