कविता की गद्य, ओळखायचं कसं

परवा भाचीनं कराडवरनं व्हॉट्सॲपला टाकलं, मामा ही माझी कविता बघ. बघतो तर सातारा स्टँडवरचा पाऊस, एकेका ओळीत दोन दोन शब्द. मी सगळं सलग जोडून तिलाच परत पाठवलं: "आज स्टँडवर खूप पाऊस होता, सांगलीची गाडी आलीच नाही, फलाट भिजला आणि हातातला चहा गार झाला." तर म्हणते, अरे हे तर मी मम्मीला फोनवर सांगितलं तसंच झालं की.

तर पहिलं काम हेच, मारलेले सगळे एंटर काढून टाकायचे आणि मोठ्यानं वाचायचं. काहीच हरवलं नाही तर ते गद्य, आणि त्यात कमीपणा काय नाही.

मग शब्द बदलून बघायचा. वरच्या वाक्यात 'गार' काढून 'थंड' घाला, काही फरक पडत नाही, निरोप पोचला की झालं. आता तेच आम्ही अभंगाच्या मापात बसवलं, मोठ्या अभंगाला अक्षरं मोजायची ६, ६, ६ आणि शेवटी ४, जोडाक्षर एकच धरायचं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याला:

गाडी नाही आली । फलाट भिजला ।
चहाही विझला । कपामध्ये ॥

बोटावर मोजून बघा. इथं 'चहा गार झाला' घातलं तरी सहाच अक्षरं होतात, माप बसतंय, पण मजा गेली ना. विझते ती चूल नाहीतर दिवा, चहा कुठं विझतो, पण विझला म्हटलं की ताटकळलेलं माणूसच डोळ्यापुढं येतं. जो शब्द हलवता येत नाही तिथं कविता असते.

एक घोळ मात्र लय जण करतात, पद्य म्हणजेच कविता समजतात. आपल्या सज्जनगडच्या समर्थांचा दासबोध घ्या, सगळा ओवीत, पण १९व्या दशकाचा पहिला समास म्हणजे अक्षर कसं काढावं, कागद कसा सांभाळावा याच्या सरळ सूचना, आतला माल गद्याचाच. आणि मधेच शाईच्या काळ्या ओळींना मोत्यांच्या माळांची उपमा येते, तेवढ्यापुरती कविता डोकावून जाते. उलट मुक्तछंदात मोजमाप काहीच नसतं तरी ती कविता असू शकते.

गद्यवाल्यांनी पण लगेच खूश होऊ नका, शब्द कसाही बदलला तर चालतो हे निरोपाच्या गद्यापुरतं. आटपाडीकडच्या माडगूळचे दोघं भाऊ, थोरले गदिमा गाण्यातले आणि धाकटे व्यंकटेश गद्यातले, त्या धाकट्याच्या छोट्या छोट्या वाक्यातला एक शब्द काढून दाखवा बरं. म्हणून टेस्ट दोन्ही करायच्या, एकीवर निकाल द्यायचा नाही.

भाचीला पुढचं कडवं करायला सांगितलंय. रात्री मेसेज आला, मामा तीन तुकडे झाले, शेवटच्या चार अक्षरांत गाडी काय मावेना.