अमेरिकेतली शाळा: अप्पा बळवंतला न मिळणारा अभ्यासक्रम

आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या सोसायटीत मे महिना आला की एखादं तरी घर बॅगा भरत असतं. बाबांची हिंजवडीहून न्यू जर्सीला बदली, आईची धावपळ, आणि पोरगं नुकतंच आठवी झालेलं. मग संध्याकाळी माझी बेल वाजते. "काकू, तिकडची गणिताची पुस्तकं अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत मिळतील का हो? सुट्टीत थोडं पुढचं करून घेतो."

मी तीस वर्षं पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून पहाटे सहाला तिकडच्या मराठी मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. आपल्या पहाटे सहाला न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेसात. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे. पुस्तकाचं राहू द्या, आधी राज्य कुठलं ते सांगा.

आपल्याला बालभारतीची सवय. गडचिरोली असो की कोथरूड, धडा तोच. अमेरिकेत देशभराचा असा एक अभ्यासक्रमच नाही. शाळा हा राज्यांचा विषय, आणि राज्याखाली स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपला जिल्हा नव्हे, तर त्या भागातल्या शाळा चालवणारं स्थानिक मंडळ. देशभरात अशी 13 हजारांच्या आसपास आहेत. कुठल्या इयत्तेच्या शेवटी मुलाला काय यायला हवं, ते राज्य लिहून ठेवतं. त्याला म्हणतात स्टँडर्ड्स. ती गाठायची कशी आणि पुस्तक कुठलं, हे बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट ठरवतं. 2010 मध्ये कॉमन कोअर नावाची भाषा आणि गणिताची सामायिक स्टँडर्ड्स आली. चाळीसहून जास्त राज्यांनी ती घेतली, टेक्सास आणि व्हर्जिनियाने घेतलीच नाहीत. म्हणजे टेक्सासमधल्या डॅलसच्या मावसभावाने पाठवलेली यादी घेऊन तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला उतरलात तर उपयोग थोडाच. राज्याचं नाव, विषय, इयत्ता आणि 'स्टँडर्ड्स' एवढं टाकून शोधा. राज्याच्या शिक्षण खात्याची फाईल फुकट मिळते. ती एकदा शांतपणे वाचा, चहा घेऊन. कंटाळवाणी आहे, पण एकदाच वाचायची आहे.

दुसरी गोष्ट घराची. सरकारी शाळा बारावीपर्यंत मोफत, पण सहसा तुमच्या पत्त्यावरून ठरते. तेव्हा आधी शाळा बघा आणि मग भाडेकरार करा. इथे आपण उलटं करतो आणि मग पोराला रिक्षाकाकांच्या हवाली करतो. प्रवेशाला पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला, मागच्या गुणपत्रिका आणि लसीकरणाचा दाखला मागतात. दाखल्यावर डॉक्टरांकडून महिना अक्षरांत लिहून घ्या. आपली 4/7 म्हणजे चार जुलै, तिकडे ती सात एप्रिल होते.

आता माझा विषय. गणित.

आपल्याकडे अख्खा वर्ग एकच गणित करतो. तिकडे मिडल स्कूलपासूनच मुलं वेगवेगळ्या पायऱ्यांवर असतात. नेहमीचा क्रम असा: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. एकेका विषयाला एकेक वर्ष. बोटांवर मोजा. आठवीत अल्जिब्रा वन झालं, तर बारावीत कॅल्क्युलस येतं. नववीत सुरू झालं, तर सरळ चालीने बारावीला प्रीकॅल्क्युलसपाशी गाडी थांबते. म्हणून आल्या आल्या मुलाला कुठल्या पायरीवर बसवतात, याला महत्त्व आहे. शाळा कधी छोटी चाचणी घेते, कधी नुसती गुणपत्रिका बघते. आणि आपल्या गुणपत्रिकेवर 'गणित' एवढाच शब्द. समोरच्या बाईंना काय कळणार? यावर माझा उपाय साधा आहे. बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेची झेरॉक्स काढा आणि सोबत न्या. आठवीच्या पुस्तकात अवयव आहेत, बहुपदींचा भागाकार आहे, त्रिकोणांची एकरूपता आहे. हे सगळं झालंय असं कागदावर दिसलं की बोलणं सोपं जातं. एक फट मात्र आहे. रेषेचा चढ आपल्याकडे दहावीच्या निर्देशक भूमितीत येतो, कॉमन कोअरमध्ये तो आठवीतच आहे. सुट्टीत काही करून घ्यायचंच असेल तर तेवढं घ्या. आलेख कागद, रेषेचं समीकरण वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस बी (यातला एम म्हणजे चढ), दोन आठवडे.

माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी एका चौथीतल्या मुलीने 23 गुणिले 47 करताना चौकोन काढला, त्याचे चार भाग केले, आणि त्यात 800, 140, 120, 21 लिहून बेरीज 1081 केली. मी म्हटलं, "हे काय खेळ मांडलेत? उभा गुणाकार कर." ती बिचारी करू लागली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने गृहपाठाच्या सूचना पाठवल्या. पद्धत दाखवणं हाच प्रश्न होता, उत्तराला गुण थोडेच. पुढे तिच्याच मोठ्या भावाला दोन कंसांचा गुणाकार त्याच चौकोनात करताना पाहिलं, तेव्हा माझं तोंड बंद झालं. दहावीच्या किती मुलांच्या वह्यांत मधलं पद हरवलेलं मी लाल शाईने शोधून दिलंय! चौकोनात ते हरवत नाही. पाढ्यांच्या बाबतीत मात्र मी अजून हट्टी आहे, तिकडच्या मुलांकडूनही तीसपर्यंत म्हणून घेते.

गुण कसे पडतात, हे समजायला पालकांना सगळ्यात वेळ लागतो. आपला हिशोब मार्चचा, त्यांचा रोजचा. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक शिक्षक सिलॅबस नावाचा एक-दोन पानी कागद देतात. तो जपा, त्यात वजनं असतात. समजा चाचण्यांना 50 टक्के, क्विझना 25, गृहपाठाला 15, वर्गातल्या सहभागाला 10. मुलाला चाचणीत सरासरी 78, क्विझमध्ये 88, बाकी दोन्हींत पूर्ण. गणित मांडा: 39, 22, 15 आणि 10, एकूण 86. म्हणजे बी. त्याच मुलाने गृहपाठ एकदाही दिला नाही, तर 71, म्हणजे सी. पोरगं तेवढंच हुशार, फरक फक्त वही देण्याचा. कित्येक शिक्षक बिघडलेली चाचणी पुन्हा देऊ देतात. पण मागावं लागतं, आणि मुलाने स्वतः मागावं लागतं. आपल्या मुलांना बाईंकडे जाऊन "मला पुन्हा संधी द्याल का" असं विचारायची सवय नसते. ती इथूनच लावा.

यातली मेख नववीत आहे. तिकडे हायस्कूल नववी ते बारावी, आणि कॉलेज बघतं त्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या एकत्रित गुणपत्रकावर, नववीपासूनची प्रत्येक श्रेणी येते. ए ला 4, बी ला 3, अशी सरासरी काढली की जीपीए. ऑनर्स (त्याच विषयाची वरची पातळी) किंवा एपी विषयाला कित्येक शाळा जादा वजन देतात, म्हणून कुणाचा जीपीए चारच्या वर दिसला तर दचकू नका. एपी म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या तोडीचे विषय. परीक्षा मेमध्ये, गुण 1 ते 5. चांगले पडले तर बरीच कॉलेजं तो विषय माफ करतात, म्हणजे फी वाचते. "नववी काय, घरचीच परीक्षा" हे पुणेरी वाक्य विमानतळावरच सोडा.

क्रेडिट, म्हणजे विषय पास झाला की खात्यात जमा होणारे अंक, हा आणखी एक गोंधळ. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण व्हायला 120 क्रेडिट्स लागतात, टेक्सासमध्ये किमान 22. म्हणून टेक्सासचं शिक्षण पाचपट सोपं आहे असं नाही. न्यू जर्सीत वर्षभराच्या विषयाला साधारण पाच धरतात, टेक्सासमध्ये एक.

मला मनापासून आवडतं ते हे की गणितात पुढे असलेलं मूल इंग्रजीत साध्या वर्गात बसू शकतं, आणि त्याला कुणी ढ म्हणत नाही. सुतारकाम, वाद्यवृंद, कोडिंग यांची श्रेणीही त्याच कागदावर येते.

पण परत यायचा विचार असेल तर सावध. तिकडे बऱ्याच शाळांत एका वर्षी जीवशास्त्र, एका वर्षी रसायन, एका वर्षी भौतिक असा क्रम असतो. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेसाठी बारावीच्या पातळीला तिन्ही आणि इंग्रजी लागतं. भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षतेचा दाखला घ्यावा लागतो. त्यांचे आजचे नियम दहावीचे विषय भरण्याआधी वाचा, बारावी झाल्यावर वाचून हातात फारसं काही राहत नाही.

यंदाच्या मुलाच्या आईला मी झेरॉक्सला पाठवलंय. मुलगा माझ्यासमोर आलेख कागद घेऊन बसलाय, आणि चढ उणे आला की रेषा कुठल्या बाजूला झुकते यावर आमचं दोन दिवस भांडण चालू आहे.