जुना लॅपटॉप अचानक मंदावला? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या पुढे सरकला की दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार ऐकू येते: "भाऊ, हाऊ आते चालत नही" (हा आता चालत नाही). आणि बहुतेक ठिकाणी त्यावर उपायही एकच, फॉरमॅट. लॅपटॉप वर्षभर थोडाथोडा मंदावत आला असेल तर गोष्ट वेगळी. पण कालपर्यंत बरा चालणारा आज दुपारी एक्सेल उघडायला मिनिटभर लावत असेल, तर आधी संशय घ्यायचा तो उष्णतेवर, चार्जरवर आणि हार्ड डिस्कवर. यातलं काहीच फॉरमॅटने सुटत नाही. जातो तो टॅलीचा डेटा आणि लग्नाचे फोटो.

म्हणून आधी बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की 'बेस स्पीड' दिसतो, समजा २.४० गिगाहर्ट्झ. तिथेच सध्याचा 'स्पीड'ही असतो. काम चालू असताना हा आकडा बेस स्पीडच्या आसपास किंवा वर हवा. तो ०.७९वर चिकटून बसला असेल तर मशीनने स्वतःच आपला वेग आवळलाय.

अशा वेळी चार्जरकडे कुणाचं लक्षच जात नाही. लाइटच्या कमी-जास्तीत मूळ चार्जर जळतो, मग मिळेल तो स्वस्तातला आणला जातो. काही लॅपटॉप हा चार्जर किती वॅटचा, आपला आहे का, हे तपासतात. ओळख पटली नाही की बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही रांगायला लागतो. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवून बघा. वेग लगेच वर गेला तर चोर सापडला. बॅटरी पार गेलेली असेल तर दुकानातला ओरिजिनल चार्जर पाच मिनिटं लावून बघायचा. ६५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा 'चालून जाईल' म्हणून घेऊ नका.

आता उष्णता. बहुतेक लॅपटॉप खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असेल असं धरून बनवलेले असतात. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. प्रोसेसर ९५-१०० अंशांला पोचला की जळू नये म्हणून वेग कमी करतो. त्यात आपल्याकडे कपाशी. जिनिंगच्या आसपास किंवा कापूस साठवलेल्या घरात वापरलेल्या लॅपटॉपचं खालचं झाकण उघडा. पंख्याच्या पात्यांवर जरा धूळ दिसेल, पण खरा माल त्याच्या पुढे, जाळीच्या पातळ पट्ट्यांना लागून असतो. धूळ आणि तंतू मिळून तिथे करड्या नमद्यासारखी पट्टी तयार होते. चिमट्याने धरली तर अख्खी निघते. बाहेरून फुंकर मारली तर ती आत पंख्याकडे ढकलली जाते, म्हणून झाकण उघडूनच काढायची. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर तर अजिबात नको. त्या हवेत पाणी येतं आणि पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. साधा ब्लोअर मारतानाही पातं बोटाने धरून ठेवा. उघडलाच आहे तर प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी, वाळून खडा झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावून घ्या. आणि लॅपटॉप गोधडीवर ठेवू नका. कूलरच्या खोलीत बसा, पण त्याच्या थेट झोतात नको, बारीक तुषार आत जातात.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के, पण प्रत्यक्षात वेग सेकंदाला एखाद-दोन एमबी, आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंदांत? मग डिस्क शेवटच्या घटका मोजत असण्याची शक्यता मोठी. इथे डीफ्रॅग (डिस्कवरच्या विखुरलेल्या फायली एकत्र लावणं) किंवा फॉरमॅट मारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी डेटा बाहेर काढा, मग डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने तपासा. 'कॉशन' आलं तर डिस्क बदलाच. फिरत्या डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवली तरी जुन्या मशीनला दोन-तीन वर्षं सहज मिळतात. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर माझ्या मते रॅमआधी एसएसडी. अर्थात रॅम ४ जीबीच असेल तर क्रोमचे वीस टॅब तरीही रडवणारच.

बाकी किरकोळ: दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत, 'पीसी बूस्टर' तर नकोच, सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नका. विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, पण मशीन अचानक मंदावण्याशी त्याचा थेट संबंध नाही. आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनने विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे अडकलं तर रीस्टार्टच करा.

टचपॅड वर उचललेलं किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं तर वेगाचा विचार सोडा. बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, बंद करा, दाबू-टोचू नका आणि बॅटरी दुकानातूनच काढून घ्या.