हद्दवाढीत घर घेताय? आधी पाण्याचा वार विचारा

सोलापुरातल्या साखर पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही २००९ मध्ये जुळे सोलापुरात आलो. टेम्पोतून सामान उतरत होतं, तेवढ्यात शेजारच्या काकू कंपाउंडपाशी आल्या. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न, "हौद केवढा बांधलाय?" मी म्हटलं, हौद नाही, वर हजार लिटरची टाकी आहे. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि दोन भरलेल्या कळशा आणून ठेवल्या. त्यांची किंमत मला चौथ्या दिवशी कळली.

म्हणून हद्दवाढीत, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत नंतर आलेल्या भागात, विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी, बाळे, कुठेही घर बघायला गेलात तर दराच्या आधी पाण्याचा वार विचारा. आणि एजंटला विचारू नका, समोर धुणं वाळत घालणाऱ्या बाईला विचारा. किती दिवसांनी येतं, किती वाजता, किती वेळ, आणि मोटारीशिवाय वर चढतं का? आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी येतं, तेही पहाटे. उजनी धरणाचं पाणी शंभराच्या वर किलोमीटर पाइपातून येतं, काही भीमेत सोडलेलं टाकळीहून उचलतात, थोडं हिप्परग्याच्या तलावाचं. वाटेत कुठे वीज गेली, कुठे पाइप फुटला की आपला वार पुढे ढकलला जातो.

हौदाचा हिशोब सोपा आहे. सरकारी माप माणशी रोज १३५ लिटर. चार माणसं, पाच दिवस, झाले २,७०० लिटर. एक वार हुकणार हे धरूनच चाला, म्हणजे दुप्पट. ५ फूट रुंद, ६ फूट लांब, ६ फूट खोल हौदात साधारण ५,१०० लिटर मावतं, उरलेलं वरच्या टाकीत. संडासाच्या टाकीपासून तो लांब घ्या, झाकण जमिनीपेक्षा वीतभर वर ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात अंगणातला चिखल पिण्याच्या पाण्यात. बोअर असेल तर त्याची टाकी आणि पाइप वेगळे, आणि तेही बांधतानाच. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर शिजत नाही, तोट्यांवर पांढरा थर बसतो. आम्ही वेगळी लाइन नंतर टाकली, नवी फरशी फोडून. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

नळाला थेट मोटार जोडू नका. नियमात बसत नाही हे तर आहेच, पण टोकाच्या घरात एक म्हातारी बादली घेऊन बसलेली असते.

प्लॉट असेल तर जुलैत, पाऊस पडून गेल्यावर, चपला घालून चालत जा. मे महिन्यात सगळे लेआउट देखणे दिसतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. मुरूम लागेपर्यंत पाया खोदला नाही तर भिंतीला तडा ठरलेला. आमच्या कंपाउंडला गेला, त्यात आता मनी प्लँट लावलाय.

कागदांत मंजूर लेआउट आणि एनएचे, म्हणजे जमीन बिगरशेती असल्याचे, कागद स्वतः वाचा. नुसता सातबारा दाखवून गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, "लगेच खरेदी करून देतो" म्हणणाऱ्याकडे चहा प्या आणि घरी या. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे, पण "पुढे होईल नियमित" या भरवशावर आयुष्याची पुंजी लावायची नसते. फ्लॅट मोठ्या स्कीममधला असेल तर महारेराचा, म्हणजे सरकारी नोंदणीचा, नंबर महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघा. आणि नकाशातली ओपन स्पेस जागेवर शोधा. एकराच्या पुढच्या लेआउटला १० टक्के मोकळी सोडावी लागते. आमच्या ओळखीच्या एका वसाहतीत "बाग" म्हणून दाखवलेल्या जागेत ट्रान्सफॉर्मर आणि एक म्हैस होती. म्हैस अजून आहे.

ऊन सांगायला नको. पश्चिमेच्या खोलीत झोपायचं ठेवू नका. मार्चमध्ये गच्चीला चुनकळीचे दोन हात द्या, त्यात थोडं फेविकॉल घाला म्हणजे चुना पायाला लागत नाही. खालच्या खोलीत फरक हाताला जाणवतो.

बाकी सगळं जमतं. दूध, किराणा, हातगाडीवरची भाजी दारात येते. भाकरीला चांगली ज्वारी आणि मनासारखी मेथी हवी असली की मी अजून लक्ष्मी मंडईलाच जाते. इतकी वर्षं झाली, तरी इथं सगळे "गावात जाऊन येते" असंच म्हणतात. फक्त पाण्याच्या वारी गावात जायचं नाही. महापालिकेच्या माणसाने पाण्याची चावी उशिरा फिरवली तर पहाटेचं पाणी दुपारी सुटतं, आणि तेव्हा कॉक उघडायला घरात कुणीतरी लागतं.