वैशाखातलं लॉन: रोज शिंपडू नका, खोल भिजवा

संध्याकाळी घरी आल्यावर नळी हातात धरून दहा मिनिटं लॉनवर पाणी मारायचं, हा बऱ्याच घरांतला नेम. हिवाळ्यात त्यावर भागून जातं. एप्रिल लागला की तेच लॉन रोज पाणी मिळूनही पिवळं पडतं, मग दहाची पंधरा मिनिटं होतात आणि पिवळेपणा तसाच राहतो.

अशा वेळी लॉनच्या कडेला खुरप्याने चार बोटं खोल एक फाक काढून बघा. मी बागा बघायला जातो तेव्हा आधी हेच करतो. वरचा अर्धा इंच ओला, त्याखाली माती ठिकरीसारखी कोरडी, आणि मुळ्या त्या अर्ध्या इंचातच जाळं करून बसलेल्या. ओल जिथवर, मुळ्या तिथवर. चाळिशीच्या उन्हात तो थर दुपारपर्यंत सुकतो आणि गवताला खाली आधार उरत नाही. लॉनमध्ये लावतात ती हरळी शेतातून काढता काढता शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात, कारण तिची कांडी नांगराच्या तासाखालीही जिवंत राहते. मुळात इतकं चिवट गवत रोजच्या शिंपण्याने आपणच नाजूक करून ठेवतो.

पाणी मोजून द्यावं. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर. ५०० चौरस फुटांचं लॉन साधारण ४६ चौरस मीटर भरतं. मध्यम मातीत चार-पाच इंच खोल ओल जायला एका पाळीत २० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ९२० लिटर लागतात. आपली नळी किती पाणी देते ते बादली लावून बघा. १५ लिटरची बादली मिनिटात भरत असेल, तर दहा मिनिटांत १५० लिटर होतात, जेमतेम ३ मिलिमीटर. पुरी पाळी द्यायला तास लागतो. स्प्रिंकलर असेल तर सरळ काठाचे पाच-सहा डबे लॉनवर विखरून ठेवा आणि पट्टीने पाणी मोजा. एका डब्यात बोटभर आणि दुसऱ्यात तळ ओला, असं बहुतेक ठिकाणी दिसतं. पिवळा पट्टा नेमका तिथेच असतो.

भारी काळ्या मातीत मात्र तासभर सलग पाणी सोडू नये. ते मुरत नाही, फरशीवरून गटारात जातं. वीस मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, पुन्हा वीस मिनिटं. कोकणातल्या जांभ्या मातीचं उलट आहे: पाणी पटकन मुरतं आणि ओल टिकत नाही, म्हणून तिथे पाळी लहान आणि जवळ जवळ हवी. पुणे-नाशिककडे मे महिन्यात आठवड्याला दोन पाळ्या बहुधा पुरतात, विदर्भात तिसरी लागू शकते. पण वारापेक्षा गवताकडे बघावं. चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, रंग निळसर-राखाडी दिसू लागला, की पाणी द्या. जमिनीत स्क्रू ड्रायव्हर सहज चार बोटं जात असेल, तर अजून वाफसा आहे. त्या दिवशी थांबा.

रोजची सवय एकदम मोडू नका, मुळ्या अजून वरच आहेत. पहिला आठवडा एक दिवसाआड, पुढचा दोन दिवसांआड, असं तीन आठवड्यांत अंतर वाढवत न्या, आणि प्रत्येक पाळी आधीच्यापेक्षा खोल द्या.

पहाटे पाच ते सात ही वेळ उत्तम. वारा नसतो, पाणी मुरतं आणि ऊन आल्यावर पाती सुकतात. संध्याकाळी दिलं तर पाती रात्रभर ओली राहून बुरशीला वाव मिळतो. दुपारी पाणी दिलं की थेंबांनी पातं भाजतं, ही समजूत खरी नाही. दुपार टाळायची ती पाणी उडून जातं म्हणून.

उन्हाळ्यात कापणीची उंची दीड-दोन इंचांवर ठेवा, आणि एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. खाली सावली राहिली की ओल टिकते. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरी पापडी धरत असेल, तर निचरा चांगला असलेल्या जागी अधूनमधून एक जड पाळी देऊन क्षार खाली ढकलावेत. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी लॉनला घालू नये.

आणि पाणी टँकरने येत असेल, तर लॉन हिरवं ठेवण्याचा हट्ट सोडा, हे मी मनापासून सांगतो. हरळीला दहा-बारा दिवसांनी एक पाळी मिळाली तरी ती जगते. पिवळी पडेल, पण पावसात पुन्हा फुटेल. नवं लॉन तर मे महिन्यात लावूच नये. त्याला पहिले दोन आठवडे दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी लागतं, तेव्हा मृगाचा पाऊस स्थिरावू द्या.

वळवाच्या सरीवर मात्र विसंबू नका. धो धो पडते, अर्धं पाणी वाहून जातं. एक डबा उघड्यावर ठेवा. त्यात २० मिलिमीटर जमलं आणि स्क्रू ड्रायव्हरही सहज खाली गेला, तरच पुढची पाळी चुकवा.